जुना मोबाईल घेताय? आधी नंबर बघा, मग कॅमेरा



दहावीचा निकाल लागला की आपल्या नांदेड-लातूर भागात घरोघरी दोन खरेद्या ठरलेल्या. एक म्हणजे गादी, बादली, पत्र्याची पेटी, कारण लेकरू ‘लातूर पॅटर्न’मध्ये शिकायला किंवा नांदेडच्या क्लासेसला राहायला निघालेलं असतं. दुसरी खरेदी मोबाईलची. नवा परवडत नाही, मग जुना बघू, असं ठरतं. आणि मग बाप-लेक दुकानात जाऊन पहिला प्रश्न काय विचारतात? कॅमेरा किती मेगापिक्सेलचा!

माझं म्हणणं एवढंच आहे, की जुन्या फोनमध्ये कॅमेरा सगळ्यात शेवटी बघायची गोष्ट. फोन खरंच विकणाऱ्याचा आहे का आणि घेतल्यावर तो खरंच तुमचा होणार आहे का, हे आधी बघायला हवं. हे मी शहाणपणाने नाही, चुकीतून सांगतोय.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असं आपण सगळेच म्हणत होतो. दीक्षा ॲपच्या लिंका रोज व्हॉट्सॲपवर यायच्या आणि आम्ही त्या पालकांना पुढे पाठवायचो. तेव्हा मी मुखेड तालुक्यातल्या एका शाळेवर होतो. सातवीतल्या एका मुलीच्या घरी साधा बटणाचा फोन होता. तिचे वडील ऊसतोडीला जाणारे. त्यांना मीच म्हणालो, “जुना घ्या, चालतंय.” त्यांनी मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून ३,८०० रुपये काढले आणि शहरातल्या एका दुकानातून फोन आणला. बिल नाही, खोकं नाही. प्ले स्टोअरवर कुणाचा तरी ईमेल आधीच टाकलेला होता. मला तर ती सोयच वाटली!

वीसेक दिवस फोन बरा चालला. मग मेमरी भरली आणि फोन कंपनीच्या नावावरच अडकून राहू लागला. तिच्या चुलतभावाने बाजूची बटणं दाबून रिसेट मारला. फोन सुरू झाला, पण आत जाऊ देईना. वडिलांचा शेजाऱ्याच्या फोनवरून मला कॉल आला, “गुरुजी, ते कुणाचा तरी पासवर्ड मागायलंय.”

दुकानदार म्हणाला, रिसेट तुम्ही केला, माझी काय चूक. त्याच्याशी भांडायला हातात कागदाचा चिटोराही नव्हता. आणि सल्ला माझा होता.

आता हे नेमकं काय झालं ते समजून घेऊ. अँड्रॉइड फोनमध्ये चोरांसाठी एक कुलूप असतं. फोनवर गुगल खातं आणि स्क्रीन लॉक असेल आणि कुणी बटणं दाबून जबरदस्तीने रिसेट केला, तर फोन आधीचं खातं किंवा आधीचा लॉक मागतो. चोराला फोन वापरता येऊ नये म्हणून ही सोय. पण मूळ मालकाचं खातं न काढता विकलेला फोन घेतला की गिऱ्हाईकच चोराच्या जागी उभं राहतं. आयफोनलाही असंच कुलूप आहे, आणि तिथे जुन्या मालकाने स्वतः ॲपल खात्यातून बाहेर पडल्याशिवाय फोन मोकळा होत नाही. म्हणून पैसे देण्याआधी विकणाऱ्यालाच सांगा : सेटिंगमध्ये जाऊन तुमची सगळी खाती काढा, तिथूनच रिसेट करा, आणि माझ्यासमोर फोन नव्याने सुरू करा. मग तुमचं सिम आणि तुमचा ईमेल टाका. याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. चहा घ्या तोवर. “घरी जाऊन करा की,” असं कुणी म्हणालं तर सरळ उठा.

दुसरी गोष्ट आयएमईआय नंबर. गाडीला जसा चॅसी नंबर, तसा मोबाईलला हा पंधरा आकडी नंबर. दोन सिमच्या फोनला दोन असतात. फोनवर *#०६# असं दाबलं की नंबर पडद्यावर येतो. तोच नंबर खोक्यावर आणि बिलावर आहे का ते आकडा-आकडा जुळवून बघा. मग मेसेजमध्ये इंग्रजीत के, वाय, एम ही तीन अक्षरं लिहायची, एक जागा सोडून तो नंबर लिहायचा आणि १४४२२ वर पाठवायचा. उत्तरात कंपनी आणि मॉडेल येतं. हातात एका कंपनीचा फोन आणि उत्तरात दुसऱ्याच कंपनीचं नाव, असं झालं तर काय समजायचं ते समजा. नंबर काळ्या यादीतला, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असलेला दाखवला, तर घेऊ नका. केंद्र सरकारने मे २०२३ मध्ये सुरू केलेल्या ‘संचार साथी’ पोर्टलवरही हीच तपासणी होते. फोन हरवला किंवा चोरीला गेला तर मालक तिथूनच तो बंद करून घेतो. मग तो फोन कुणाच्याही हातात असो, त्यात सिम चालत नाही. आणि कुणी त्यात सिम टाकलं की पोलिसांना माग लागतो. सायबर पोलिसांनी हरवलेले फोन मालकांना परत केल्याच्या बातम्या आपण पेपरात वाचतो. छान वाटतं. पण ते फोन मधल्या काळात कुणाकडे तरी होते ना? त्यातल्या काहींनी मोजून पैसे दिलेले असणार.

कायद्याचंही सांगतो. चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसं वाटायला जागा असताना तो घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आयएमईआय बदलणाऱ्याला तर २०२३ च्या दूरसंचार कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड आहे. दहा हजारांचा फोन तीन हजारांत, तोही बिलाशिवाय मिळत असेल, तर “मला काय माहीत” हे उत्तर किती टिकेल, तुम्हीच सांगा.

बाकी तपासणी थोडक्यात. फोन काचेवर पालथा ठेवा आणि उताणाही ठेवा. डुगडुगला किंवा मागचं झाकण उचललेलं दिसलं तर बॅटरी फुगलेली असू शकते, तो फोन नको. दहा मिनिटं व्हिडिओ लावून चार्जिंग किती उतरतं ते बघा. एखादं चिन्ह बोटाने दाबून सगळ्या पडद्यावर फिरवा, मध्येच सुटलं तर तिथला टच गेलेला आहे. दुकानाच्या वायफायवर भुलू नका, आपलं सिम टाकून कॉल लावा. जिओला ४जी व्होल्टी लागतं, जुना ३जी फोन घेतला तर तो शोभेला. सेटिंगमध्ये शेवटचा सुरक्षा अपडेट कोणत्या तारखेचा आहे तेही बघा. तीन-चार वर्षांपूर्वीचा असेल तर त्या फोनवर युपीआय वापरू नका.

यावर एक पालक मला म्हणाले, “सर, गरिबाला बिल कोण देतं?” प्रश्न खरा आहे. पण फोन बंद पडला तर पैसेवाला दुसरा घेतो. बिलाची गरज ज्याला दुसरा घेता येत नाही त्यालाच जास्त. छापील बिल मिळत नसेल तर साध्या कागदावर तारीख, किंमत, दोन्ही आयएमईआय, विकणाऱ्याचं नाव, मोबाईल नंबर आणि सही घ्या. जुन्या बिलाची झेरॉक्स मागा. पैसे युपीआयने दिले तर त्याची नोंद आपोआप राहते. जो खरा मालक आहे त्याला सही करायला जड जात नाही.

एक बाजू आपल्या शिक्षकांचीही. आपणही दोन-तीन वर्षांनी जुना फोन एक्सचेंजला देतो. त्यात काय असतं आठवा : वर्गातल्या पोरांच्या आधार कार्डांचे फोटो, शिष्यवृत्तीसाठी मागवलेली पासबुकं, स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ. हे सगळं काढून, खाती काढून, रिसेट करून मगच फोन द्या. त्या लेकरांनी कागद आपल्याकडे दिले होते, दुकानदाराकडे नाही.

आणि गृहपाठ जर आपण व्हॉट्सॲपवर टाकत असू, तर फोन बघून देण्यात अर्धा तास घालवणं आपल्याकडेही येतं. मी आता मे-जूनमध्ये पालकांना सांगूनच ठेवतो : घ्यायच्या आधी मला फोन करा.

ती सातवीतली मुलगी २०२४ मध्ये दहावी झाली आणि अकरावीला लातूरला निघाली. वडिलांनी मला गंजगोलाईला बोलावून घेतलं. पहिल्या दुकानात त्यांनी स्वतःच *#०६# दाबलं आणि नंबर लेकीला वाचायला लावला. दुकानदार म्हणाला, “एवढं काय बघायलाव मामा, परीक्षा घ्यायलाव का?” नंबर खोक्याशी जुळेना. ते काही न बोलता उठले. तिसऱ्या दुकानात बिल मिळालं, फोन सातशे रुपयांनी महाग पडला. बिलाचा फोटो तिने तिथेच मला पाठवला, आणि मूळ कागद वडिलांनी घडी घालून रेशन कार्डाच्या प्लास्टिकमध्ये ठेवला.