कॅलरीचा जमाखर्च

वजन कमी करा, असे डॉक्टरांनी सांगितले, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. दिवाळीत शिवलेला सदरा संक्रांतीला पोटावर बसेना, तेव्हा डॉक्टरांचे बरोबरच आहे. माझे भांडण आहे ते कॅलरीशी.

मुलाने मोबाईलमध्ये खाते उघडून दिले. रोजची मर्यादा 1500. आहारवाल्यांची एक कॅलरी म्हणजे एक किलो पाणी एका अंशाने तापवायला लागणारी उष्णता. म्हणजे आपण माणूस नसून बंब आहोत, हे मला साठी उलटल्यावर कळले! पिठूळ पदार्थाच्या ग्रॅमला 4 आणि तुपातेलाच्या ग्रॅमला 9 कॅलरी, हा हिशेब अमेरिकेतल्या ॲटवॉटर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडला. त्या भल्या गृहस्थाला आमच्या घरची आमटी ठाऊक नव्हती. तिच्यात गूळ खडाभर, तेल पळीभर आणि खोबरे हाताला येईल तेवढे. मोबाईल विचारतो, "किती ग्रॅम?" आता काय सांगू, कपाळ?

बरे, आकडे तरी चोख असावेत! 28 ग्रॅम बदामांच्या 170 कॅलरी धरत. 2012 साली अमेरिकेच्याच कृषी खात्यातल्या शास्त्रज्ञांनी तपासले, तर अंगी लागतात 129. मी जन्मभर बँकेत खर्डेघाशी केली. एवढी तफावत निघती तर रात्रभर घरी सोडले नसते.

पण खरा तोटा निराळाच. होळीला मावशीकडे गेलो होतो. मावशी ब्याऐंशीची. पुरणपोळीवर तूप सोडणार, तोच मी विचारले, "मावशी, हा चमचा किती ग्रॅमचा गं?" ती बावरली. तुपाची वाटी बाजूला ठेवत म्हणाली, "नको असेल तर राहू दे रे." मग जेवण होईस्तोवर तिने एकदाही आग्रह केला नाही. चमचाभर तुपाच्या 45 कॅलरी वाचल्या खऱ्या. त्या कुठल्या खात्यात जमा करू?

दुसऱ्या दिवशी मोबाईलमधले खाते बंद केले. आता तीनऐवजी एकच पोळी खातो, तुपासकट. संध्याकाळी टेकडीपर्यंत चालून येतो. सदऱ्याचे शेवटचे बटण अजून लागत नाही, पण वरची लागतात.

दुसरी पोळी आली की ताटावर हात आडवा धरतो. पंगतीतली ही जुनीच रीत. तिला ग्रॅम लागत नाहीत. आणि हात आडवा धरला की वाढणारी लटकी रागावते, बावरत नाही.