सत्ता आणि आज्ञा

क्रांति हा शब्द आपल्या घरांत प्रथम राजकारणामुळें आला नाहीं. तो ज्योतिषामुळें आला. ज्या वर्तुळावरून सूर्य वर्षभर फिरतांना दिसतो त्यास आपले ज्योतिषी क्रांतिवृत्त म्हणत आले आहेत. पाश्चात्त्यांचाहि या अर्थाचा शब्द खगोलांतीलच असून कोपर्निकसाच्या १५४३ सालच्या ग्रंथाच्या नांवांत तो आढळतो. आकाशांतील फेऱ्याचें लक्षण असें कीं, फिरणारा जेथून निघाला तेथेंच परत येतो. राजकारणांत मात्र ज्यांना मागच्या ठिकाणीं परत यावयाचें नसतें तेच हा शब्द उच्चारतात.

राज्यक्रांति कशी होते याविषयीं सुशिक्षित कुटुंबांत दोन समजुती ऐकूं येतात. वडील मंडळींना ती चार कारस्थानी माणसांची करणी वाटते; तरुणांना ती दुःखाच्या भरानें आपोआप पेटणारा वणवा वाटते. या दोन्ही समजुती पारखून पाहण्यास रशियाइतकें सोयीचें उदाहरण नाहीं. तेथें १९१७ सालीं आठ महिन्यांच्या अंतरानें दोन क्रांत्या झाल्या. पहिली कोणीं योजिली नव्हती. दुसरी तारीख पाहून योजिली होती. रशियाचें जुनें पंचांग तेव्हां तेरा दिवस मागें होतें, म्हणून तेथील लोक पहिलीस फेब्रुवारीची व दुसरीस ऑक्टोबरची म्हणत; आम्ही येथें नव्या गणनेच्या तारखा देत आहों.

प्रथम १९०५ साल पाहूं. त्या वर्षीं २२ जानेवारीस पाद्री गॅपन याच्या मागोमाग हजारों मजूर सेंट पीटर्सबर्ग शहरांत झारच्या वाड्याकडे अर्ज घेऊन निघाले. त्यांच्या हातांत देवाच्या व झारच्या तसबिरी होत्या. शिपायांनीं त्यांवर गोळ्या झाडल्या. पुढें वर्षभर संप, शेतकऱ्यांचे दंगे व पोटेमकिन या युद्धनौकेवरील बंड यांनीं देश हालला. ऑक्टोबरांतील सार्वत्रिक संपामुळें झार निकोलस यास प्रतिनिधिसभेचें वचन द्यावें लागलें. परंतु डिसेंबरांत मॉस्कोच्या मजुरांनीं हत्यारें उचललीं तेव्हां राजधानीहून आलेल्या सेम्योनोव्हस्की पलटणीनें हुकूम पाळून उठाव चिरडला. असंतोषांत कांहीं उणें नव्हतें. शिपाई मात्र अजून झारचे होते. धोका टळतांच झारनें दिलेली दूमा ही सभा दोनदां बरखास्त केली आणि जून १९०७ मध्यें मतदानाचा कायदा बदलून जमीनदारांचें वजन वाढविलें. सनदशीर मार्गाचें दार त्यानें स्वतःच्या हातानें असें ओढून घेतलें, ही गोष्ट क्रांतिकारकांस नांवें ठेवणाऱ्यांनीं विसरूं नये.

पुढच्याच वर्षीं लोकमान्य टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणीकामगारांनीं सहा दिवस संप केला. परदेशांत राहणाऱ्या लेनिननें त्याच वर्षीं एका लेखांत टिळकांच्या शिक्षेची व या संपाची आवर्जून नोंद घेतली. हिंदुस्थानचा मजूर राजकारणांत उतरला, असें त्यानें त्यावरून ताडलें. त्याचें ताडणें खोटें नव्हतें. तथापि मुंबईंतहि गोळीबाराचा हुकूम मिळाला तेव्हां तो पाळला गेला, आणि सरकार जागचें हाललें नाहीं.

आतां १९१७ कडे वळूं. महायुद्धाचें तिसरें वर्ष, कडाक्याची थंडी आणि पावासाठीं पहाटेपासून लागणाऱ्या रांगा अशी पेट्रोग्राडची स्थिति होती. ८ मार्च हा स्त्रियांचा आंतरराष्ट्रीय दिवस. त्या दिवशीं कापडगिरण्यांतील बायका काम टाकून रस्त्यावर आल्या व त्यांनीं इतर कारखान्यांतील पुरुषांस बाहेर ओढलें. कोणत्याहि पक्षानें तसा आदेश दिला नव्हता. ११ तारखेस शिपायांनीं जमावावर गोळ्या झाडल्या आणि १९०५ च्याच इतिहासाची पुनरावृत्ति होणार असें दिसूं लागलें. परंतु त्या रात्रीं बराकींत कांहीं निराळेंच घडलें. गोळ्या झाडणाऱ्यांत जी व्होलिन्स्की पलटणीची तुकडी होती तिनेंच दुसऱ्या दिवशीं सकाळीं बाहेर पडण्याचें नाकारलें व आपल्या अधिकाऱ्यास ठार केलें. सायंकाळपर्यंत दीड लाखांहून मोठ्या शिबंदींतील बऱ्याच पलटणी लोकांस मिळाल्या. १५ मार्च रोजीं झारनें गादी सोडली. तीनशें वर्षांचा राजवंश आठवड्याभरांत संपला. खुद्द लेनिननें त्याच जानेवारींत झुरिच येथील व्याख्यानांत आपल्या पिढीस ही निर्णायक झुंज पाहावयास मिळेल कीं नाहीं अशी शंका बोलून दाखविली होती.

यावरून क्रांतीच्या शास्त्राचा पहिला सिद्धांत निघतो. राज्य तोफांवर उभें असतें असें आपण म्हणतों, पण तोफ स्वतः उडत नाहीं. राज्य उभें असतें तें तोफ उडविणाऱ्याच्या आज्ञाधारकपणावर. एकत्र कुटुंबांतील कर्त्या पुरुषाचा अधिकारहि तिजोरीच्या किल्ल्यांत नसून घरच्यांच्या मान्यतेंत असतो, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. ती मान्यता गेली म्हणजे किल्ल्या कमरेलाच राहतात आणि घर दुसऱ्याच्या शब्दानें चालूं लागतें.

तेथें तसेंच झालें. झार गेल्यावर एकीकडे हंगामी सरकार आणि दुसरीकडे मजूर व शिपाई यांच्या प्रतिनिधींचें सोव्हिएट अशा दोन सत्ता एका शहरांत नांदूं लागल्या. सोव्हिएटनें काढलेल्या पहिल्या हुकुमान्वयें सरकारी लष्करी आज्ञा सोव्हिएटच्या आज्ञेविरुद्ध नसेल तरच ती शिपायानें पाळावयाची होती. या दुहेरी सत्तेची कल्पना मराठी वाचकांस परकी नाहीं. १९४३ ते १९४६ या काळांत सातारा जिल्ह्यांत नाना पाटील यांच्या प्रतिसरकारनें गांवोगांव आपल्या न्यायसभा बसविल्या, तेव्हां कलेक्टर कचेरींत असतांच लोक आपले तंटे दुसरीकडे नेऊं लागले होते. रशियांत ही स्थिति राजधानींतच उत्पन्न झाली. एप्रिलांत परत आलेल्या लेनिननें ओळखलें कीं, दोन सत्ता फार दिवस टिकत नाहींत. एकीनें दुसरीस गिळलेंच पाहिजे.

दुसऱ्या क्रांतींतील डावपेच येथून सुरू होतात. सप्टेंबरांत सेनापति कोर्निलोव्ह यानें राजधानीवर फौज धाडली, तेव्हां रेल्वेकामगारांनीं त्याच्या गाड्या अडविल्या व त्याचें सैन्य लढाईवांचूनच विरघळलें. त्यानंतर पेट्रोग्राड सोव्हिएटांत बोल्शेव्हिकांचें बहुमत झालें व ट्रॉट्स्की अध्यक्ष झाला. २३ ऑक्टोबरच्या गुप्त बैठकींत उठावाचा ठराव दहा विरुद्ध दोन मतांनीं संमत झाला; विरोधी दोन मतें झिनोव्हिएव्ह व कामेनेव्ह यांचीं होतीं. नोव्हेंबरच्या आरंभीं शिबंदीनें सोव्हिएटच्या लष्करी समितीची आज्ञा मान्य केली. ६ व ७ नोव्हेंबर रोजीं पूल, तारघर, स्टेशनें व सरकारी बँक हीं ठिकाणें जवळजवळ रक्त न सांडतां ताब्यांत आलीं. आपण चढाई करीत नसून सोव्हिएटचें रक्षण करीत आहों, अशी भूमिका घेण्यांत डावपेचाचें मर्म होतें. कारण हल्ला करण्यास कचरणारा शिपाई रक्षणास उभा राहतो.

इटालियन लेखक मालापार्ते यानें १९३१ सालीं असें प्रतिपादिलें कीं, राज्य बळकावणें ही निव्वळ यंत्रविद्या आहे. मोक्याचीं ठिकाणें हातीं धरणारे थोडे कुशल लोक असले म्हणजे झालें. आम्हांस हें मत पटत नाहीं. ऑक्टोबर १९२३ मध्यें हँबर्गच्या साम्यवाद्यांनीं अशाच धाडसानें पोलीसठाणीं घेतलीं. पण जनता उठली नाहीं, शिपाई फुटले नाहींत आणि दोनतीन दिवसांत सारें संपलें. पेट्रोग्राडांत कुलूप उघडलें, कारण तें आधींच गंजलें होतें. कारस्थान मानणारे वडील आणि वणवा मानणारे तरुण या दोघांनाहि सत्याचा अर्धाच भाग दिसतो. आज्ञा मोडते ती सर्वांच्या दुःखानें. पण मोडलेली आज्ञा उचलून घेतो तो तयारींत असलेला संघ.

आणि खरा प्रश्न येथेंच आहे. लेनिननें १९०२ पासून जो पक्ष घडविला तो गुप्त, शिस्तबद्ध आणि वरून आलेली आज्ञा निमूटपणें पाळणारा असा होता. झारच्या पोलिसांशीं झुंजण्यास असाच पक्ष हवा होता. पण लढाईचें हत्यार राज्यकारभाराचें आसन झालें म्हणजे काय होतें? घटनासमितीच्या निवडणुकींत बोल्शेव्हिकांस सुमारें चौथा हिस्साच मतें पडलीं. ती समिति १८ जानेवारी १९१८ रोजीं भरली आणि दुसऱ्या दिवशीं तिला दार बंद झालें. जर्मनींतील तुरुंगांतून रोझा लक्झेंबुर्ग हिनें त्याच वर्षीं लिहिलें कीं, निवडणुका, वृत्तपत्रें व सभा यांवांचून सार्वजनिक संस्थांतील प्राण निघून जातो आणि नोकरशाही तेवढी जिवंत राहते. ती स्वतः क्रांतिवादी होती, म्हणून तिचा इशारा आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. मार्च १९२१ मध्यें क्रोन्स्टाटचे खलाशी स्वतंत्र सोव्हिएटांची मागणी करीत उठले, तेव्हां नव्या सत्तेनें त्यांवर फौज धाडली. १९३६ सालीं झिनोव्हिएव्ह व कामेनेव्ह यांस गोळ्या घालण्यांत आल्या. १९४० सालीं ट्रॉट्स्कीचा मेक्सिकोंत खून झाला. ज्या सत्तेस प्रश्न विचारण्याची वाट ठेविली नव्हती ती आपल्या जनकांवरच उलटली.

अखेर त्या सत्तेसहि पहिल्या सिद्धांताची प्रचीति आली. ऑगस्ट १९९१ मध्यें मॉस्कोंत रणगाडे आले, पण संसदभवनावर हल्ला करण्यास कित्येक अधिकाऱ्यांनीं नकार दिला. तीन दिवसांत डाव फसला आणि डिसेंबरांत सोव्हिएट संघ विसर्जित झाला.

तेव्हां अमुक क्रांति चांगली कीं वाईट, असा वाद घरांत निघाला तर एका शब्दांत निकाल देण्याची घाई आमच्या वाचकांनीं करूं नये. जुन्या सत्तेची आज्ञा लोकांनीं कां नाकारली, ती कोणीं उचलली, आणि उचलणाऱ्यापासून ती शांततेनें परत मागण्याची काय सोय ठेविली, हे तीन प्रश्न विचारावे. पहिल्याचें उत्तर बहुधा राजाच्या दोषांत सांपडतें व दुसऱ्याचें क्रांतिकारकाच्या तयारींत. तिसऱ्यास उत्तरच नसेल, तर मोठ्या कष्टानें निघालेला तो समाज फिरून निघाल्याच ठिकाणीं येण्याचा संभव आहे, असें आम्ही समजतों.