लोकवर्गणी म्हणजे लोकसहभाग नव्हे : दुर्मीळ आजारांच्या निर्णयांत रुग्णाची खुर्ची कुठे आहे?

ऑक्टोबर २०२५ मध्ये रिस्डिप्लाम या औषधाची बातमी देशभर गाजली. ‘स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी’, अर्थात एसएमए, या आनुवंशिक आजारात पाठीच्या कण्यातील चेतापेशी नष्ट होत जातात आणि स्नायू दुबळे पडतात. त्यावर तोंडाने घेता येणारे हे औषध. नॅटको कंपनीच्या जेनेरिक आवृत्तीवर अंतरिम मनाई मिळावी, ही रोश कंपनीची मागणी दिल्ली उच्च न्यायालयाने मार्चमध्ये फेटाळली. ९ ऑक्टोबरला खंडपीठाने अपील फेटाळले आणि १७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करण्यास नकार दिला. सुमारे ६ लाख रुपयांच्या बाटलीसमोर १५,९०० रुपये छापील किमतीची बाटली बाजारात आली.

या आकड्यांचा अर्थ साध्या भागाकाराने कळतो. बाटलीत ६० मिलिग्रॅम औषध असते. २० किलो किंवा त्याहून अधिक वजनाच्या रुग्णाला दिवसाला ५ मिलिग्रॅम लागते, म्हणजे एक बाटली १२ दिवस पुरते. दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणानुसार एका रुग्णाला जास्तीत जास्त ५० लाख रुपयांची मदत मिळते. जुन्या छापील किमतीने त्यात आठ बाटल्या येत होत्या. उपचार तीन महिन्यांत संपत होता. नव्या किमतीने तीच रक्कम दहा वर्षे पुरते.

आनंदाची गोष्ट आहे, यात शंका नाही. परंतु हा बदल घडला कशामुळे? दोन कंपन्यांमधील पेटंटच्या वादामुळे. आरोग्य धोरण राबवणाऱ्या कोणत्याही समितीच्या निर्णयातून तो आलेला नाही. ज्या व्यवस्थेने आठ बाटल्यांचे गणित वर्षानुवर्षे ‘मदत’ म्हणून चालवले, त्या व्यवस्थेत हे गणित स्वतःच्या शरीरावर सोसणारा माणूस निर्णयाच्या मेजाशी बसलेला असता, तर ते इतकी वर्षे चालले असते का? हा प्रश्न विचारणे गैरसोयीचे आहे; म्हणूनच तो विचारला पाहिजे.

धोरणाचा इतिहास पाहू. पहिले धोरण २०१७ मध्ये आले आणि पुढच्याच वर्षी स्थगित झाले. दुसरे ३० मार्च २०२१ रोजी जाहीर झाले. त्यात आजारांचे तीन गट केले गेले : एकदाच केलेल्या उपचाराने बरे होणारे, दीर्घकाळ पण तुलनेने कमी खर्चाचे, आणि औषध उपलब्ध असूनही आयुष्यभराचा खर्च प्रचंड असलेले. तिसऱ्या गटासाठी सुरुवातीला शासनाने दाखवलेला मार्ग होता लोकवर्गणीचा. त्यासाठी संकेतस्थळही उघडण्यात आले. मे २०२२ मध्ये सुधारणा होऊन तिन्ही गटांना ५० लाखांपर्यंतची मदत खुली झाली. ही सुधारणा स्वागतार्ह होती. मात्र या साऱ्या रचनेत रुग्ण भेटतो तो प्रामुख्याने ‘लाभार्थी’ म्हणून. मतदानाचा हक्क असलेला सदस्य म्हणून तो या रचनेचा अविभाज्य भाग नाही.

५० लाखांची मर्यादाच घ्या. गोशे आजारात शरीराला न मिळणारे विकर शिरेतून द्यावे लागते. त्याची प्रचलित मात्रा किलोमागे ६० एककांपर्यंत, दर दोन आठवड्यांनी. दहा किलोचे मूल तीस किलोचे झाले की मात्रा तिप्पट होते, खर्चही तिप्पट होतो. मर्यादा मात्र जागची हलत नाही. म्हणजे उपचाराने मूल वाढू लागले की त्या वाढीमुळेच मदत लवकर संपते. वजन वाढल्याची धास्ती घेणारी आई ज्या समितीसमोर एकदा तरी बोलली असती, त्या समितीला ही विसंगती समजायला पाच मिनिटे पुरली असती.

नकाशा पाहिला की दुसरी विसंगती दिसते. झाशीच्या इलाइट चौराह्यावरून रेल्वे स्थानक जवळ आहे; शहरात महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयही आहे. परंतु धोरणाखालील आर्थिक मदत मिळते ती उत्कृष्टता केंद्रामार्फत. पहिल्या आठ केंद्रांपैकी झाशीला जवळचे म्हणजे लखनौची संजय गांधी संस्था, सुमारे ३०० किलोमीटरवर. दिल्लीचे एम्स सुमारे ४०० किलोमीटरवर. दर दोन आठवड्यांनी शिरेतून द्यायचे औषध केंद्रातच घ्यावे लागले, तर वर्षाला २६ फेऱ्या होतात. लखनौच्या हिशेबाने १५,००० किलोमीटरांहून अधिक प्रवास. त्यात आईवडिलांचे बुडालेले रोजगार आणि मुलाची बुडालेली शाळा धरलेली नाही. हाच हिशेब गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या कुटुंबाने मुंबईच्या केईएम रुग्णालयापर्यंत करून पाहावा. औषधाच्या किमतीचा तक्ता प्रत्येक फाइलमध्ये असतो. प्रवासाचा तक्ता फक्त रुग्णाच्या घरी असतो. इलाइट चौराह्यावरून लखनौची गाडी पकडणाऱ्या कुटुंबाचा प्रतिनिधी समितीत असता, तर निदान व देखरेख केंद्रात आणि नियमित औषध जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात, अशी मागणी पहिल्याच बैठकीत झाली असती.

झाशीच्या बाबतीत या वंचनेला जुनी आठवणही आहे. १८५३ मध्ये गंगाधरराव नेवाळकर निवर्तले आणि दत्तकविधान नाकारून डलहौसीने १८५४ मध्ये संस्थान खालसा केले. राणी लक्ष्मीबाईंनी अर्ज पाठवले, कायद्याचे दाखले दिले. निर्णय मात्र कलकत्त्यात झाला. अर्ज करण्याची मुभा होती, निर्णयात भाग नव्हता. लोकशाहीतील नागरिकाचे स्थान त्या अर्जदारापेक्षा वेगळे असायला हवे. दुर्मीळ आजाराच्या रुग्णाला आज उपलब्ध असलेले मार्ग मोजले, तर ते तीनच भरतात : अर्ज, याचिका आणि वर्गणी. २०२१ मध्ये महाराष्ट्राने पाहिले की, एसएमएग्रस्त बालकांच्या सुमारे १६ कोटी रुपयांच्या जनुकोपचारासाठी समाजमाध्यमांवर हजारो हातांनी पैसा उभा केला. त्या हातांचे ऋण मोठे आहे. पण ज्या मुलाचे छायाचित्र अधिक बोलके, ज्याच्या पालकांना माध्यमे हाताळता येतात, त्याला औषध आणि उरलेल्यांना प्रतीक्षा, या निवडीला धोरण म्हणत नाहीत. लोकवर्गणीत लोक पैसा देतात; लोकसहभागात लोक निर्णय घेतात.

रुग्णाला अधिकृत जागा मिळाली की काय होते, याचा पुरावा मुंबईतच आहे. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम २५(१) नुसार पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणतीही व्यक्ती हरकत घेऊ शकते. ‘कोणतीही व्यक्ती’ या दोन शब्दांत रुग्णही येतो. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने याच तरतुदीखाली ग्लिव्हेक या रक्तकर्करोगावरील औषधाच्या पेटंटला हरकत घेतली. चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने २००६ मध्ये अर्ज नाकारला आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचे अपील फेटाळले. महिन्याला लाखाच्या वर जाणारा खर्च आणि दहा हजारांच्या आसपासचे जेनेरिक औषध, यांतील फरक त्या निकालाने टिकवला.

दुसरे उदाहरण दुर्मीळ आजाराचे नाही, पण धडा तोच आहे. क्षयाच्या उपचारांत श्रवणशक्ती गमावलेल्या मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोघींनी २०१९ मध्ये बेडाक्विलिनच्या दुय्यम पेटंटला हरकत घेतली. २३ मार्च २०२३ रोजी ती मान्य झाली आणि जॉन्सन अँड जॉन्सनची मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबण्याचे टळले. त्या दोघींनी कार्यालयात अश्रू नेले नव्हते, कायदा आणि रसायनशास्त्र यांवर आधारलेले मुद्दे नेले होते. खेदाची बाब ही की, मार्च २०२४ च्या पेटंट नियमांनी अशा हरकतीसाठी शुल्क लावले आणि ती ग्राह्य आहे की नाही, याची आधी चाळणी ठेवली. जो एक दरवाजा उघडा होता, तोही अरुंद झाला.

नागपूरचे संपत रामटेके यांचे कार्यही आठवावे. सिकलसेलग्रस्त मुलाच्या या पित्याने विदर्भात रुग्णांची संघटना उभारली. त्या कार्याची दखल २०१८ च्या पद्मश्रीने घेतली गेली. सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया यांचा समावेश दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये झाला, त्यामागे अशा संघटनांचा दीर्घ पाठपुरावा होता. याच अधिनियमाने केंद्रीय सल्लागार मंडळावर दिव्यांगांच्या संघटनांच्या प्रतिनिधींना जागा दिली. म्हणजे तत्त्व भारतीय कायद्याला परके नाही. युरोपीय औषध संस्थेच्या दुर्मीळ औषधांच्या समितीत तर २००० पासून रुग्णसंघटनांचे प्रतिनिधी पूर्ण सदस्य आहेत. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने दुर्मीळ आजारांवर ठराव केला. आता प्रश्न अंमलाचा आहे.

या मागणीवर तीन आक्षेप घेतले जातात.

पहिला आक्षेप : रुग्ण भावनेने बोलतो, निर्णय पुराव्याने व्हावा. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने हा आक्षेप नीट तपासावा. २०१२ मध्ये हिग्ज बोसॉनचा शोध जाहीर करण्यापूर्वी पाच सिग्माची खात्री मागितली गेली, कारण आणखी वर्षभर थांबल्याने कुणाचा जीव जाणार नव्हता. बारा रुग्णांच्या चाचणीत तशी खात्री सहसा मिळत नाही. नमुना लहान असला की अनिश्चितता मोठीच राहते. अशा वेळी दोन चुकांपैकी कोणती अधिक परवडेल, हे ठरवावे लागते : निरुपयोगी औषध स्वीकारण्याची, की उपयोगी औषध नाकारण्याची. हे उत्तर विदेत नसते. ते मूल्यांतून येते आणि त्या मूल्यांची किंमत रुग्ण मोजतो. मोजायचे काय, हाही तसाच प्रश्न. २०१५ मध्ये युरोपातील एसएमएच्या आठशेंहून अधिक रुग्णांच्या पाहणीत बहुतेकांनी सांगितले की, प्रकृती आहे तशी टिकली तरी ती त्यांच्यासाठी प्रगती आहे. चालता येऊ लागले का, एवढेच मोजणारी समिती खुर्चीची कळ दाबणारे बोट शाबूत राहिल्याची नोंद ‘परिणाम नाही’ अशी करील. आकडा अचूक असेल, निष्कर्ष चुकीचा असेल.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : रुग्णसंघटना औषध कंपन्यांच्या हातचे बाहुले होतात. हा धोका खरा आहे. २०१६ मध्ये अमेरिकेत ड्युशेन स्नायुक्षयावरील एटेप्लिरसेन हे औषध मुख्यतः बारा मुलांच्या अभ्यासावर मंजूर झाले. सल्लागार समितीचा कौल प्रतिकूल होता. रुग्णकुटुंबांचा दबाव प्रचंड होता. त्या निर्णयावरील टीका अजून शमलेली नाही. पण यातून निघणारा धडा कोणता? रुग्ण सभागृहाबाहेर घोषणा देत राहिला की दबावगट बनतो. आत बसला, विदा वाचली, इतरांबरोबर मत नोंदवले की उत्तरदायी होतो. कंपनीचा पैसा घेणारी संघटना मतदानातून वगळावी, हितसंबंध जाहीर व्हावेत आणि रुग्णसंघटनांना सार्वजनिक निधी मिळावा, म्हणजे कंपनीच्या दारात जाण्याची वेळ येणार नाही. हीच कसोटी तज्ज्ञ सदस्यांनाही लागू व्हावी. हितसंबंध फक्त रुग्णांनाच असतात, असे मानण्यास आधार नाही.

तिसरा आक्षेप : पैसा मर्यादित आहे, एका रुग्णावरच्या कोटींत हजारो बालकांचे लसीकरण होईल. मर्यादा खरी आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दोन वर्षांसाठी ९७४ कोटींचा राष्ट्रीय निधी उभारण्याचा आदेश दिला. केंद्राने त्यास सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. परंतु टंचाई हा रुग्णाला बाहेर ठेवण्याचा युक्तिवाद कसा होतो? ज्याला नकार ऐकायचा आहे, त्याच्यासमोर नकाराचे निकष ठरले पाहिजेत. शिवाय किंमत ही निसर्गनियम नाही. रिस्डिप्लामने ते दाखवले. एकत्रित खरेदी, वाटाघाटी, जेनेरिक उत्पादन, सक्तीचा परवाना या उपायांचा आग्रह सर्वाधिक चिकाटीने धरणारा घटक रुग्ण हाच आहे. त्याला वगळून काटकसर साधत नाही. महागड्या किमती मात्र निर्वेध राहतात.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. केंद्रीय तांत्रिक समितीत आणि प्रत्येक उत्कृष्टता केंद्राच्या निवड समितीत रुग्ण किंवा पालक यांना किमान दोन मतदानाच्या जागा द्याव्यात, त्यांतील एक केंद्रापासून दूरच्या जिल्ह्यासाठी राखून. प्रवासखर्च, बुडालेला रोजगार आणि प्रशिक्षण यांची तरतूद असावी. अन्यथा त्या जागा महानगरांतील सुस्थित कुटुंबांकडेच जातील. मदत नाकारल्यास कारणे रुग्णाच्या भाषेत लेखी द्यावीत आणि अपिलाची सोय असावी. राष्ट्रीय नोंदवहीतील माहिती कोण, कशासाठी वापरतो, यावर रुग्णांचे नियंत्रण असावे. लहान नमुन्यांच्या या क्षेत्रात प्रत्येक नोंद मोलाची आहे आणि ती रुग्णाने दिलेली आहे.

विद्यार्थ्यांनीही हा विषय वैद्यकशास्त्राचा म्हणून बाजूला ठेवू नये. संख्याशास्त्र, औषधनिर्माण, कायदा, अर्थशास्त्र यांतील जाणकारांची रुग्णसंघटनांना नितांत गरज आहे. चाचणीचा अहवाल मराठीत समजावून सांगणारा एक पदव्युत्तर विद्यार्थी जिल्ह्याच्या गावातील पालकाला समितीच्या बैठकीसाठी सज्ज करू शकतो. एसएमएच्या औषधाची किंमत कमी झाली, आता काम संपले, अशा समजुतीत राहणे धोक्याचे आहे. पुढच्या आजाराच्या पुढच्या औषधाची फाइल आजही कुठेतरी उघडली जात असेल, आणि त्या मेजाभोवतीच्या खुर्च्या कोणाच्या, हे अजून ठरायचे आहे.