फोटो कोणी काढला?

काही महिन्यांपूर्वी एका महाविद्यालयात साहित्य आणि दृश्यकला यांच्या संबंधावर दोन दिवसांचे चर्चासत्र झाले. दुसऱ्या सत्रात एका प्राध्यापकांनी रोलाँ बार्थच्या अनुषंगाने छायाचित्र, स्मृती आणि मृत्यू यांवर निबंध वाचला. निबंध चांगला होता. तो चालू असताना व्यासपीठाच्या डाव्या अंगाला एक गृहस्थ गुडघा टेकून वक्त्यांचे फोटो घेत होते. अध्यक्ष मध्येच म्हणाले, "अहो फोटोग्राफर, जरा बाजूला व्हा, मागच्यांना दिसत नाही." ते बाजूला झाले आणि छायाचित्रातील कर्त्याच्या अनुपस्थितीविषयीचे विवेचन पुढे सुरू झाले. सभागृहात कोणालाही हसू आले नाही. मलाही त्या वेळी आले नाही.

दुपारी प्रमाणपत्रवाटपाच्या फोटोंसाठी त्यांना थांबवून ठेवले गेले. ते जेवायला गेले तेव्हा ताटे आवरली जात होती. बिल सादर केल्यावर त्यांना सांगण्यात आले की तीन दरपत्रके जोडलेली नाहीत. पैसे मिळायला चार महिने लागले. मूल्यांकन समितीपुढे ठेवायच्या अहवालासाठी अक्षांश-रेखांशासह छापील फोटो मात्र दुसऱ्याच दिवशी हवे होते, आणि ते त्यांनी दिले. त्या अहवालात निबंधवाचकांची, अध्यक्षांची, आभार मानणाऱ्यांची आणि आभार मानणाऱ्यांचे आभार मानणाऱ्यांचीही नावे आहेत. अहवालातील निम्मी पाने ज्यांनी भरली त्यांचे नाव नाही.

हा एका महाविद्यालयाचा गलथानपणा असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. माझा आरोप आपल्यावर, म्हणजे साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांवर आहे. छायाचित्राविषयी आपण पुष्कळ बोलू लागलो आहोत, आणि ते काढणाऱ्या माणसाविषयी आपल्याला काडीचे कुतूहल नाही.

सुरुवात आपल्या भाषेपासूनच करावी लागेल. "स्टुडिओत जाऊन फोटो काढून आलो," असे आपण म्हणतो. या वाक्यात फोटो काढणारा कोण? व्याकरणाने पाहिले तर खुर्चीवर बसलेला गिऱ्हाईक. कॅमेऱ्यामागचा माणूस वाक्यात कुठेच नाही. "केस कापून आलो" यात न्हावी नाही, "घर बांधले" यात गवंडी नाही, "आईने पाटल्या केल्या" यात सोनार नाही, त्याच रांगेत हे वाक्य बसते. ज्याचे काम पैसे देऊन किंवा बलुते देऊन करून घ्यायचे, त्याचे क्रियापद आपण आपल्याकडे घेतो. पण "कविता लिहून आलो" असे म्हणून कोणी कवीला पुसून टाकत नाही. छायाचित्रकाराला आपण कोणत्या रांगेत उभे केले आहे, हे आपल्या क्रियापदाने कधीच सांगून टाकले आहे. भाषेचे अध्यापन करणाऱ्यांच्या हे लक्षात येऊ नये, याचे आश्चर्य वाटते.

आता बार्थकडे येऊ, कारण आपल्या निबंधांतून त्याचे नाव मंगलाचरणासारखे येते. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या 'कॅमेरा ल्युसिडा'मध्ये त्याने छायाचित्र काढणारा, पाहणारा आणि छायाचित्रित होणारा असे तीन पक्ष मानले. त्यांपैकी पहिल्या पक्षाविषयी आपण अनुभवाने बोलू शकत नाही, कारण आपण छायाचित्रकार नाही, हे त्याने आरंभीच कबूल केले आहे. ही एका प्रामाणिक माणसाने स्वतःच्या लेखनाला घातलेली मर्यादा होती. आपल्याकडे तिचा सिद्धान्त झाला. बार्थला जे माहीत नव्हते, ते अस्तित्वातच नाही असे आपण गृहीत धरले.

त्याच पुस्तकात बार्थच्या आईच्या लहानपणीच्या छायाचित्राचा प्रसंग आहे. १८९८ साली काचेच्या उद्यानगृहात काढलेले, पाच वर्षांच्या मुलीचे ते छायाचित्र. त्यावर मराठीत बरेच भावपूर्ण लिहिले-बोलले जाते. पण ज्याने ते काढले त्या लहान गावच्या अनाम फोटोग्राफराची बार्थने आठवण ठेवली आणि एका सत्याचा मध्यस्थ म्हणून त्याला थेट नादारच्या बरोबरीला बसवले, हे आपल्या निबंधांतून हमखास गळते. नादार हा एकोणिसाव्या शतकातील पॅरिसचा सर्वांत नामांकित छायाचित्रकार. बार्थला जे सुचले ते बार्थवाद्यांना सुचत नाही.

सुसान सोन्टागने १९७७च्या पुस्तकात कॅमेऱ्याची तुलना बंदुकीशी केली. छायाचित्र घेणे म्हणजे काहीतरी बळकावणे, हा विचार तेव्हापासून आपल्या व्याख्यानांत मुरला आहे. पर्यटकाच्या किंवा युद्धवार्ताहराच्या कॅमेऱ्याबद्दल तो कदाचित खरा असेल. पण तालुक्याच्या गावी मंगल कार्यालयात उभा असलेला माणूस कोणाचे काय बळकावतो? तेथे त्याच्या हातातली बंदूक भाड्याची असते आणि नेम धरायला सांगणारे दहा जण असतात.

माझ्या परिचयाचे एक गृहस्थ तालुक्याच्या गावी तीस वर्षे स्टुडिओ चालवतात. त्यांच्याबरोबर मी एका लग्नाला दिवसभर हिंडलो. पहाटे सहाला वधूच्या घरी हजर. तेथे खिडकीतून येणारा निळसर उजेड आणि छताचा पिवळा दिवा यांचा मेळ घालायचा. कार्यालयात गेल्यावर व्यासपीठामागे चमकणारी दिव्यांची भिंत. तिच्यामुळे चेहरे काळवंडतात आणि शटरचा वेग चुकला तर फोटोवर आडवे पट्टे उमटतात. वराचा पांढरा झब्बा आणि वधूच्या शालूची जर दोन्ही एकाच वेळी सांभाळायची. आणि या सगळ्यात कान भटजींकडे. कोणते मंगलाष्टक शेवटचे, हे सुरावरून ओळखावे लागते. अंतरपाट दूर होतो, दोघे एकमेकांकडे पाहतात आणि हार पुढे येतात, एवढ्यात दोन-तीन सेकंद जातात. नेमक्या त्याच वेळी अक्षता टाकणारे हात आणि मोबाइल धरलेले हात समोर येतात. कार्तिए-ब्रेसाँच्या १९५२च्या पुस्तकापासून 'निर्णायक क्षण' हा शब्दप्रयोग जगभर गेला. पण रस्त्यावरचा क्षण हुकला तर कार्तिए-ब्रेसाँला जाब विचारणारे कोणी नव्हते. तो पुढच्या कोपऱ्यावर जाऊ शकत होता. हुकलेला अंतरपाट पुन्हा धरता येत नाही, आणि तो हुकल्याचा हिशेब वधूच्या मामाला द्यावा लागतो.

रात्री दोन कार्डांवरचे फोटो दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवल्याशिवाय हे गृहस्थ झोपत नाहीत. मग अडीच-तीन हजार फोटोंतून निवड, रंगांची दुरुस्ती, अल्बमची मांडणी. घरच्यांनी पसंती कळवायला महिने जातात आणि पसंती आली नाही म्हणून अल्बम नाही, अल्बम नाही म्हणून शेवटचा हप्ता नाही. मधल्या काळात चातुर्मास आला की मुहूर्तच नाहीत. कॅमेऱ्याचे शटर लाख-दीड लाख फोटोंनंतर केव्हाही दगा देऊ शकते, हे मनात धरून प्रत्येक हंगामाचा हिशेब करायचा.

या तीस वर्षांत त्यांच्या पायाखालची जमीन किती वेळा सरकली ते पाहावे. रोल आणि डार्करूम गेली. ज्या कोडॅक कंपनीच्या संशोधकाने १९७५ साली डिजिटल कॅमेरा बनवला, तीच कंपनी जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली. पासपोर्टसाठी आणि आधारसाठी कार्यालयातच फोटो घेऊ लागल्यावर स्टुडिओचे रोजचे किरकोळ उत्पन्न आटले. २०२० मध्ये टाळेबंदी आली. एप्रिल २०२१ मध्ये राज्यात लग्नाला पंचवीस माणसे आणि दोन तास अशी मर्यादा आली, तेव्हा त्या पंचवीसांत फोटोग्राफर मोजायचा की नाही, यावरून घरोघरी वाद झाले. बहुधा मोजला गेला नाही, कारण बोलावलाच गेला नाही. या स्थित्यंतरांवर मराठीत किती कथा आल्या? गिरणी संपली, शेती कोसळली, त्यांवर आपण लिहिले आणि ते योग्यच झाले. गावोगावच्या स्टुडिओंची शटरे खाली आली, त्याचा आवाज आपल्या साहित्यात फारसा उमटला नाही.

छायाचित्र आणि मृत्यू यांच्या नात्यावर ज्यांना निबंध लिहायचा आहे, त्यांनी अशा स्टुडिओत एक आठवडा बसावे. घरात माणूस गेले की दहाव्याच्या आत भिंतीवर लावायला फोटो हवा असतो. गेलेल्या आजीचा स्वतंत्र फोटो कोणी काढलेलाच नसतो. नातवाच्या बारशाच्या समूहचित्रात, तिसऱ्या रांगेत, कोणाच्या तरी खांद्याआडून तिचा अर्धा चेहरा दिसतो. तो चेहरा मोठा करायचा, झाकलेला कान दुसऱ्या कानावरून रचायचा, पदर नीट करायचा, कपाळावरचे कुंकू ठेवायचे की काढायचे हे मुलाला हळूच विचारायचे. या गृहस्थांनी मला सांगितले की शेवटचा प्रश्न विचारताना आजही त्यांची जीभ अडखळते. विधवा स्त्रीचे कोणते रूप घराच्या भिंतीवर कायम राहणार, हा निर्णय त्या अडखळणाऱ्या प्रश्नातून होतो. आपल्या कितीतरी घरांतील पूर्वजांचे चेहरे अशा माणसांनी रचलेले आहेत. त्यांना आपण 'बटण दाबणारे' म्हणतो.

गंमत अशी की फोटो कोणी काढला, हा प्रश्न आपल्या समाजात एकच संस्था गांभीर्याने विचारते, ती म्हणजे न्यायालय. पंचनाम्याच्या वेळी पोलीस गावातल्या फोटोग्राफरला बोलावतात. वर्षांनंतर त्याला साक्षीसाठी समन्स येते. पूर्वी तो निगेटिव्ह घेऊन पिंजऱ्यात उभा राहत असे. आता पुराव्यासोबत इलेक्ट्रॉनिक नोंदीचे प्रमाणपत्र द्यावे लागते. आधी ते पुरावा कायद्याच्या कलम ६५ब खाली होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली आहे. नाव, तारीख, यंत्र, सगळे नोंदले जाते. न्यायालयाला कळते की छायाचित्रामागे साक्षीदार असतो. संहितेचा कर्ता, पाठभेद आणि लेखनकाळ यांवर हयात घालवणाऱ्या आपल्याला ते कळत नाही.

कायद्याची आणखी एक बाजू. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात छायाचित्र काढणारी व्यक्ती ही त्याची कर्ता, म्हणजे कायद्याच्या भाषेत 'लेखक'च, मानली आहे. मोबदला देऊन सांगून काढवलेल्या फोटोची मालकी, वेगळा करार नसेल तर, सांगणाऱ्याकडे जाते हे खरे. पण कर्तृत्वावर दावा सांगण्याचा कलम ५७चा हक्क मालकीपासून स्वतंत्र आहे. २०१२च्या दुरुस्तीने तर छायाचित्राच्या संरक्षणाची मुदत इतर साहित्यकृतींसारखीच, कर्त्याच्या हयातीनंतर साठ वर्षे, केली. कायद्याने छायाचित्रकाराला लेखकाच्या शेजारी बसवले आहे. आपण त्याला अजून बाजूला व्हायला सांगतो आहोत.

होमाई व्यारावाला जे. जे. कलाशाळेत शिकल्या. त्यांची आरंभीची छायाचित्रे पतीच्या नावाने छापली गेली. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. पण १९७० मध्येच त्यांनी कॅमेरा खाली ठेवला होता. त्यांचे नाव निदान उशिरा का होईना परत आले. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळातील नावाजलेले छायाचित्रकार होते. 'यमुनापर्यटन' १८५७चे आहे. मराठी कादंबरी आणि मुंबईतील छायाचित्रण ही एकाच दशकातील भावंडे. त्यांपैकी एकाचा इतिहास आपण अभ्यासक्रमात शिकवतो आणि दुसऱ्याच्या फोटोंखाली 'संग्रहातून' असे लिहितो.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, त्याला पैसे मिळाले, आणखी नाव कशाला? हा न्याय लावायचा तर मानधन स्वीकारणाऱ्या प्रत्येक लेखकाचे नाव लेखावरून काढावे लागेल. दुसरा आक्षेप असा की आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, मग छायाचित्रकाराचे विशेष ते काय? प्रत्येकाच्या खिशात कळफलकही आहे आणि दिवसभर लोक त्यावर लिहीतच असतात. म्हणून लेखक अनावश्यक झाला, असे आपण म्हणत नाही. आपल्या बाबतीत जो युक्तिवाद हास्यास्पद वाटतो तो दुसऱ्याच्या व्यवसायाला लावताना गंभीर का वाटावा?

मी या आरोपातून सुटत नाही. माझ्या पहिल्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर माझा एक फोटो आहे. मुद्रितशोधकाचे आणि अक्षरजुळणी करणाऱ्याचे ऋण मी प्रस्तावनेत मानले. हा लेख लिहायला घेतला तेव्हा पुस्तक उघडून पाहिले; फोटो काढणाऱ्याचे नाव नाही, आणि आता मला ते आठवतही नाही. आठवते ते एवढेच की त्यांनी मला चष्मा काढायला सांगितले, पाहिले, आणि पुन्हा घालायला सांगितले. चष्म्याशिवाय तुम्ही कोणी दुसरेच दिसता, असे काहीसे ते म्हणाले होते. माझ्या त्या पुस्तकाविषयी इतके नेमके निरीक्षण एकाही समीक्षकाने केले नाही.

मागण्या फार मोठ्या नाहीत. दिवाळी अंक, गौरवग्रंथ, महाविद्यालयांची वार्षिक नियतकालिके यांनी फोटोखाली नाव छापावे. प्रबंधात चित्र वापरले तर त्याचा संदर्भ पुस्तकाच्या संदर्भासारखाच द्यावा आणि मार्गदर्शकांनी तो मागावा. चर्चासत्राच्या अंदाजपत्रकात छायाचित्रकाराचे मानधन 'इतर खर्चा'त न ढकलता स्वतंत्र ओळीत असावे, दरपत्रके आधीच घ्यावीत आणि पैसे त्याच महिन्यात द्यावेत. त्यांना वेळेवर जेवू घालावे. आणि यापुढे बार्थवर निबंध वाचताना त्याने आईच्या फोटोग्राफराला कोणत्या जागी बसवले तेही वाचावे, मग व्यासपीठाच्या डाव्या अंगाला कोण गुडघा टेकून बसले आहे ते पाहावे, आणि निदान त्यांचे नाव विचारावे.