त्रास कुठला, ते आधी सांगा

‘कम्फर्ट झोनच्या बाहेर पड’ हे वाक्य मॅनेजरने मला ऐकवलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. टीममधली दोन माणसं सोडून गेली होती, त्यांच्या जागी कुणी घेतलं नव्हतं आणि सलग तिसऱ्या आठवड्यात ऑन-कॉल माझ्याकडेच होता. यातून तू ग्रो होशील, म्हणे. त्या तीन आठवड्यांत मी काय शिकले? सर्व्हर रीस्टार्ट करायला. ते मला आधीही येत होतं.

म्हणून त्या वाक्यावर माझा राग आहे. पण तो अर्धाच बरोबर आहे, हे पाचगणीला घरी येऊन काम करायला लागल्यावर कळलं.

आमच्याकडे स्ट्रॉबेरी लावतात ती पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरच्या आसपास. गादीवाफे, त्यावर मल्चिंगचा कागद, खाली ठिबक. पाणी साचलं की रोपाची मुळं कुजतात. थंडी मात्र त्याला हवीच. दिवस लहान झाले, रात्री गार पडल्या, की फूल धरतं. पाऊसही त्रास आणि थंडीही त्रासच. पण ‘रोप कणखर करतोय’ म्हणून जुलैच्या पावसात उघड्यावर लागण करणाऱ्याला इथे सगळे वेड्यात काढतील. आयटीत त्याला लीडरशिप म्हणतात.

यावर हमखास ‘परम’ची गोष्ट सांगितली जाते. अमेरिकेने महासंगणक नाकारला, १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ मध्ये विजय भटकरांच्या टीमने ‘परम ८०००’ करून दाखवला. खरंच आहे. पण त्या टीमला एक स्पष्ट काम, सरकारी पैसा आणि तीन वर्षांची मुदत मिळाली होती. ‘उद्या सकाळपर्यंत कर’ असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं.

आता उरलेला अर्धा भाग, आपल्याबद्दलचा. पिळवणूक ओळखायला शिकलो हे चांगलंच झालं. पण त्याच झटक्यात आपण थंडीही नाकारली. माझंच सांगते. एक रिपोर्टचं पान तारीख निवडली की अडकायचं. मी एरर एआयला चिकटवली, त्याने टाइमआउट वाढवायला सांगितलं, वाढवला. पुन्हा अडकलं. मग कॅशे लावला. तिसऱ्यांदा अडकलं तेव्हा कुणाला न विचारता डेटाबेसचा क्वेरी प्लॅन उघडून बसले. पहिला तासभर काहीही कळलं नाही. आपण चार वर्षं इंजिनिअरिंग करून नक्की काय केलं, असं वाटून कानशिलं तापली. दुपारी सापडलं: तारखेच्या कॉलमवर मी फंक्शन लावलं होतं, त्यामुळे इंडेक्स वापरलाच जात नव्हता. एक ओळ बदलली. ती चूक मी आता दुसऱ्याच्या कोडमध्येही लांबून ओळखते. टाइमआउट वाढवून यातलं काहीच आलं नसतं.

रॉबर्ट ब्योर्क या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये याला ‘इष्ट अडचणी’ असं नाव दिलं. शिकताना जे जड जातं, ते जास्त टिकतं. पण अट आहे: ती अडचण पार करण्याइतकी तयारी शिकणाऱ्याकडे हवी. नाहीतर ती नुसतीच अडचण.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी कम्फर्ट झोनबद्दल बोललं, तर सरळ दोन प्रश्न विचारा. यातून मला असं काय येईल जे काल येत नव्हतं? आणि अडले तर शिकवायला कोण आहे? उत्तर नसेल, तर तो पाऊस आहे. आडोसा शोधा, नाहीतर नोकरी.

आणि उत्तर असेल, तर मात्र पळू नका. मीटिंगमध्ये ‘मला हे कळलं नाही’ म्हणा. न कळणारं कोड तासभर एकट्याने वाचा. कानशिलं तापतील. तापू द्या.