बटण दाबून साथ होत नाही

बेळगाव-निपाणीकडे गणेशोत्सवात, लग्नसमारंभात हल्ली भावगीतांचा कार्यक्रम म्हणजे एक गायक आणि एक की-बोर्ड. वादकाने डाव्या हाताने कॉर्ड दाबली की तबला, बेस, गिटार सगळे आपोआप सुरू. वादक पाणी प्यायला वळला तरी ठेका चालूच! माझे म्हणणे स्पष्ट आहे : याला साथ म्हणू नये.

साथ म्हणजे ऐकणे. गायक एखाद्या शब्दावर रेंगाळला तर साथीदाराने थांबायचे, गजरात लय चढली तर बरोबर चढायचे. यंत्राला बांधून दिलेली लय तेवढी कळते. मग गायकालाच यंत्राची साथ करावी लागते.

कुणी म्हणेल, यंत्राला नाके मुरडू नका. मुरडत नाही. पेटीसुद्धा परदेशातूनच आली. तिच्यातून मींड निघत नाही, श्रुती मिळत नाहीत म्हणून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली. तरी याच बेळगावात रामभाऊ बिजापुरे (१९१७–२०१०) यांनी तिला गळ्यामागे चालायला लावले, स्वतंत्र वादनाचा मान मिळवून दिला, शिष्य घडवले. पेटीचा भाता हातानेच हलवावा लागतो. हात थांबला की सूर थांबला. गाणे मराठी असो वा कानडी, जबाबदारी वादकाचीच.

तबलजीची बिदागी परवडत नाही, हे कारण खरे आहे. मग ठेका टाळांवर धरा, टाळ्यांवर धरा. आणि मुलांना की-बोर्ड आणून देणाऱ्या आईवडिलांनी पहिली दोन वर्षे ते बटण बंदच ठेवावे. हाताला सम सापडली, की मग खुशाल दाबा. गरज वाटली तर.