आरोग्यचिंतन : तरुणपणीचा कंपवात

कंपवात म्हणजे म्हातारपणाचे दुखणे, अशी आपली समजूत असते. त्यामुळे पंचविशीतील मुलाचा पाय चालताना आत वळू लागला, हालचाली मंदावल्या, तर आपण तो आळस ठरवितो.

अशा तरुण रुग्णांच्या अभ्यासातूनच १९९८ साली जपानी संशोधकांनी ‘पार्किन’ या जनुकातील दोष हुडकून काढला. मातापिता स्वतः निरोगी असतात. परंतु दोघांकडूनही सदोष जनुक आले, तरच अपत्यास व्याधी जडते. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास हा संभव चारांत एक. मामाची मुलगी करून आणण्याची चाल असलेल्या घराण्यांत असा योग अधिक जुळतो.

हा विकार सहसा संथ गतीने वाढतो, बुद्धी बहुधा शाबूत राहते, झोपेनंतर काहींना उतार वाटतो. लेव्होडोपाच्या अल्प मात्रेनेही चांगला गुण येतो. मात्र त्याने अनावर हालचाली लवकर उद्भवू शकतात, म्हणून मात्रा तज्ज्ञानेच ठरवावी.

सोयरिकीच्या भयाने असे दुखणे दडविले जाते, याचे आम्हांस वाईट वाटते. यात दोष कुणाच्याच आचरणाचा नाही. दडविण्यात वर्षे जातात. ती उपचारांत जावीत, एवढीच आमची विनंती.